माग आणि शीव : पुणे प्रांतातील पदचिन्हशोधाची व्यवस्था

१

वाळवंटातील पाउलखुणा पाहून सशस्त्र घुसखोरांचा पाठलाग करणाऱ्या पगी लोकांची कीर्ती १९६५ व १९७१ या दोन युद्धांमुळे देशभर पसरली. बनासकांठा जिल्ह्यातील रणछोड पगी हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. या दोन्ही युद्धांत भारतीय सैन्याला रणातून वाट दाखविणारे हे वृद्ध रबारी गृहस्थ २०१३ साली वारले. एका ठशावरून चालणाऱ्याची चाल, त्याच्या पाठीवरील ओझे, सोबत्यांची संख्या आणि तो तेथून गेल्यास लोटलेला काळ सांगणारा मनुष्य ऐकणाऱ्यास अद्भुत वाटतो. अद्भुत वाटतो म्हणूनच त्याच्याविषयीचे लेखन बहुधा आख्यायिकेच्या पातळीवर राहते. शिवाय हे कौशल्य म्हणजे वाळूच्या प्रदेशाची देणगी होय, असाही एक समज रूढ आहे.

हा समज पुण्याच्या अभ्यासकाने तरी तपासून घ्यावयास हवा. कारण दोन शतकांपूर्वी खुद्द पुण्याच्या आसमंतात, मुठा, कऱ्हा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत, पावलांचा माग काढणे हे गावगाड्याचे एक नेमलेले काम होते. ते करणाऱ्यांना त्याबद्दल हक्क मिळत, त्यात कसूर झाल्यास त्यांना तोशीस लागे आणि त्याचा शेवट कोठे करावयाचा याविषयी निश्चित नियम होते. मराठीत ‘माग’ हा शब्द संस्कृत ‘मार्ग’ या शब्दापासून प्राकृत ‘मग्ग’ या रूपाच्या द्वारे आला. वाट आणि वाटेवर उमटलेली खूण हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. माग काढणे, माग लागणे, मागमूस नसणे हे वाक्प्रचार आज केवळ लाक्षणिक अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांच्या मुळाशी धुळीत उमटलेले खरेखुरे पाऊल आहे.

या विषयाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. माग काढणे ही जशी एका माणसाच्या डोळ्यांची विद्या आहे, तशीच ती गावागावांमधील जबाबदारीची साखळी आहे. पाऊल ओळखणारा मनुष्य कितीही निष्णात असला, तरी शिवेपलीकडे तो माग हाती घेणारा दुसरा कोणी नसेल, तर त्याची विद्या शिवेवरच थांबते. पुणे प्रांतात ही साखळी कशी होती, ती का तुटली आणि तिच्या तुटण्याने माग काढणाऱ्यांचे काय झाले, हा या निबंधाचा विषय होय. वाळवंटी सीमेवरील पगींचे कामही या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

२

चोरीचा माग आणि गावाची जबाबदारी यांची सांगड फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रवासी व्यापाऱ्यांच्या मालाविषयी जी व्यवस्था सांगितली आहे, तीत रात्री गावातून बाहेर न गेलेला माल नाहीसा झाल्यास ग्रामस्वामीने तो भरून द्यावा, दोन गावांच्या मधल्या प्रदेशात चोरी झाल्यास कुरणांच्या अध्यक्षाने द्यावा आणि जेथे कुरणही नाही तेथे चोररज्जुक नावाच्या अधिकाऱ्याने द्यावा, असा क्रम आहे. भूमीचा कोणताही तुकडा जबाबदारीवाचून मोकळा राहू नये, ही या क्रमामागील दृष्टी उघड आहे. सीमा निश्चित करता येत नसेल, तेव्हा आसपासच्या पाच किंवा दहा गावांवर मिळून हा भार पडे.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात हाच विचार अधिक नेमकेपणाने आला आहे. तेथे दोन पर्याय दिले आहेत : ज्या गावाच्या सीमेत चोरी झाली त्या गावाने भरपाई द्यावी, किंवा ज्या गावी पाऊल जाते त्या गावाने ती द्यावी. चोरी गावांपासून कोसाहून अधिक दूर झालेली असल्यास येथेही पाच वा दहा गावांचा समूह जबाबदार धरला आहे. या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा विचार दक्षिणेतील व्यवहारपंडितांना चांगला परिचित होता, असे म्हणता येते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात या विषयाच्या वचनांची चर्चा केली असून तो ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला आहे.

स्मृतिवचन आणि गावातील प्रत्यक्ष आचार यांत कार्यकारणसंबंध जोडताना मात्र सावधगिरी बाळगावयास हवी. गावकऱ्यांनी स्मृती वाचून हा नियम स्वीकारला असे मानण्याचे कारण नाही. उलट गावोगावच्या आचारालाच स्मृतिकारांनी शब्दरूप दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. महत्त्वाची गोष्ट अशी की, पाऊल हे येथे गुन्हेगाराची ओळख पटविणारी खूण म्हणून येत नाही. ते कोणत्या गावाकडे बोट दाखविते एवढाच प्रश्न आहे. पाउलाने सिद्ध होते ती व्यक्तीची अपराधिता नव्हे, तर समूहाची जबाबदारी. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

३

मराठेशाहीच्या उत्तरकाळातील व्यवस्थेचे स्पष्ट वर्णन माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने केले आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा त्याचा अहवाल १८१९ मधील असून हिंदुस्थानच्या इतिहासावरील त्याचा ग्रंथ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावच्या बंदोबस्ताचा मुख्य पाटील. त्याच्या हाताखाली कुळकर्णी व चौगुला, आणि प्रत्यक्ष राखणीस वेसकर महार व जागले. जागल्याचे काम पुण्याभोवतालच्या व दक्षिणेकडील गावांत बहुधा रामोश्यांकडे, तर खानदेशाकडे भिल्लांकडे असे. रात्री गस्त घालणे, गावात कोण आले व कोण गेले याची खबर ठेवणे, गावातील प्रत्येक माणसाचे वर्तन ठाऊक असणे आणि चोरी झाल्यास माग काढणे, ही त्याची कर्तव्ये होत.

माग काढण्याची रीत अशी. चोरी उघडकीस येताच जागल्या घटनास्थळापासून पाऊल धरी व ते आपल्या गावच्या शिवेपर्यंत नेई. तेथे पुढील गावच्या जागल्यास बोलावून पाऊल त्याच्या हद्दीत शिरल्याचे त्यास दाखवून द्यावयाचे. त्याची खात्री पटली, किंवा पाऊल त्या गावाची हद्द ओलांडून पलीकडच्या गावात गेल्याचे दाखविता आले, म्हणजे पहिल्या गावाची जबाबदारी संपे. तेथून पुढे माग नेण्याचे काम नव्या गावच्या जागल्याचे. अशा रीतीने माग एका हातातून दुसऱ्या हातात जाई, आणि ज्या गावापर्यंत तो निःसंशय पोहोचला व पुढे नेता आला नाही, ते गाव गेलेल्या मालास जबाबदार धरले जाई. याज्ञवल्क्याने सांगितलेला दुसरा पर्याय तो हाच.

या रीतीतील व्यवहारचातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे. माग काढणारा आपल्या गावाचा हितसंबंधी असतो. पाऊल बाहेर गेले असे म्हणण्यात त्याचा लाभ असतो. पुढील गावच्या जागल्याचा लाभ नेमका याच्या उलट असतो. त्यामुळे शिवेवर दोन परस्परविरोधी हितसंबंधांची माणसे एकाच ठशाकडे पाहत उभी राहत, आणि दोघांनाही मान्य झाला तोच माग पुढे जाई. ठशाची सत्यता ठरविणारा निराळा अधिकारी नेमण्याची गरजच पडत नसे. तपासणी त्या पद्धतीतच अंतर्भूत होती. गावाची शीव दाखविण्यात वेसकर महारांचा शब्द प्रमाण मानला जात असल्यामुळे माग आणि शीव या दोन्ही गोष्टी गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसांच्या ज्ञानावर अवलंबून होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता या विद्येच्या स्वरूपाचा थोडा विचार करू. ठसा पाहण्यास सकाळची वा सायंकाळची वेळ उत्तम. कारण तिरप्या उन्हात ठशाच्या कडांची छाया पडते आणि डोक्यावरच्या उन्हात तोच ठसा सपाट दिसतो. ओझे वाहणाऱ्याची टाच खोल रुतते व त्याची पावले जवळ जवळ पडतात. धावणाऱ्याचा चवडा माती मागे फेकतो. उलट्या पावली चालून फसविणाऱ्याची पावले आखूड पडतात, आणि त्याची टाच ओढल्याची रेघ उमटते. ठशावर दव पडलेले असले तर तो मध्यरात्रीपूर्वीचा, दव मोडून उमटलेला असला तर पहाटेचा. रात्री फिरणाऱ्या किड्यांची नक्षी ठशावरून गेली आहे की ठशाखाली दडपली आहे, यावरूनही काळ ठरतो. मिळालेला चांगला ठसा पाटी वा मडके पालथे घालून झाकून ठेवावयाचा आणि काडीने त्याची लांबी-रुंदी मोजून घ्यावयाची, म्हणजे पुढे गुरांच्या वा माणसांच्या गर्दीत तो पुन्हा ओळखता येतो.

परंतु पुणे प्रांताची भूमी या कामास सर्वत्र सारखी अनुकूल नाही. नदीकाठच्या मळईवर किंवा काळ्या रानात पाऊल स्वच्छ उमटते. मुरमाड माळावर ते अर्धवट दिसते. आणि कातळाच्या सड्यावर मुळीच दिसत नाही. पावसाळ्यात चिखलात उमटलेले पाऊल पुढच्या सरीने पुसले जाते. वाळवंटात माग पुसणारा शत्रू वारा, तर दख्खनमध्ये तो खडक. म्हणूनच येथील जागल्याला केवळ ठसे वाचून भागत नसे. पाऊल कातळावर हरवले, तर ते कोणत्या खिंडीतून, कोणत्या उतारावरून पुन्हा मातीत उतरेल हे त्याला मुलखाच्या माहितीवरून ताडावे लागे. डोंगरी किल्ल्यांच्या घेऱ्यात मेटांवर चौकीपहारा करणाऱ्या रामोशी, बेरड व कोळी लोकांना ही माहिती पिढीजात असे. दख्खनमधील माग हा या अर्थाने अर्धा मातीवर आणि अर्धा स्मरणात असे.

४

या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. एल्फिन्स्टनने तिची दुसरी बाजूही नोंदविली आहे. चोरी सापडली नाही, तर भरपाई प्रथम जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून घेतली जाई आणि उरलेली रक्कम सगळ्या गावावर बसे. गावातील सर्वांत दरिद्री माणसावर सर्वांत आधी बोजा पडावा, हे उघडच अन्यायाचे होते. प्रत्यक्षात पूर्ण किंमत क्वचितच वसूल होई. परंतु या निमित्ताने अधिकाऱ्यांना पैसे उकळण्यास वाव मिळे. राखण करणाऱ्याचे हित चोरी न होण्यात जसे होते, तसेच राखणीचा हक्क टिकून राहावा म्हणून चोरीचे भय कायम राहण्यातही होते. रामोश्यास राखणीस ठेवले नाही तर चोरी होते, या लोकसमजुतीचे मूळ या दुहेरीपणात आहे.

ही समजूत पुण्यात इंग्रजी अमदानीतही टिकली. पुण्याच्या लष्करात बंगल्याबंगल्यावर रामोशी पहारेकरी ठेवण्याची पद्धत होती. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘रामोशी’ या शब्दाला स्वतंत्र स्थान मिळाले आणि चोर व पहारेकरी हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत आले. साहेब लोकांनी ही गोष्ट विनोदाचा विषय केली. वस्तुतः जुन्या व्यवस्थेचा एक तुटलेला धागा तेवढा तेथे शिल्लक राहिला होता. राखणीचा मोबदला राहिला होता; परंतु तो ज्या परस्पर जबाबदारीचा भाग होता ती जबाबदारी नाहीशी झाली होती.

खुद्द पुणे शहरात मागाची पद्धत चालणे कठीणच होते. अरुंद बोळांतून शेकडो पावले एकमेकांवर पडत असता चोराचे पाऊल निराळे काढणे अशक्य. म्हणून पेशवाईत शहराचा बंदोबस्त निराळ्या तत्त्वावर उभारलेला दिसतो : कोतवालाची चावडी, पेठवार चौक्या, आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरण्यास मनाई. खेड्यात चोर गेल्यावर त्याचे पाऊल शोधीत, शहरात पाऊल उमटूच नये अशी तजवीज करीत. १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याची कोतवाली घाशीरामाकडे होती. तिचा शेवट ज्या दारुण प्रकाराने झाला, त्यावरून एक गोष्ट निश्चित होते. पाहणी करणारी दोन विरोधी माणसे जेथे नाहीत आणि संशयाचा अधिकार एकाच हाती आहे, तेथे त्या अधिकारावर अंकुश राहत नाही.

५

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. डोंगरी किल्ल्यांवरील शिबंद्या मोडल्या आणि घेऱ्यातील चौकीपहाऱ्यावर जगणाऱ्या रामोश्यांचे पिढीजात हक्क धोक्यात आले. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावच्या उमाजी नाइकाचे बंड या परिस्थितीतून उद्भवले. ते मोडण्यास सरकारला कित्येक वर्षे लागली, याचे कारण उघड आहे. ज्यांनी माग काढावयाचा, तेच आता माग चुकवीत होते. माग वाचणाऱ्याला तो लपविण्याच्या युक्त्याही ठाऊक असतात. अखेरीस फितुरीच्या साहाय्यानेच उमाजी डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळ उतरोली येथे पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यास पुण्यात फाशी देण्यात आले. या मोहिमेतील अधिकारी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने रामोश्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते १८३३ मध्ये मुंबईस छापले गेले. राखणदार जमात येथे प्रथमच टेहळणीचा व अभ्यासाचा विषय झाली.

मुंबई इलाख्यात १८२७ च्या बाराव्या रेग्युलेशनने पाटलाचे पोलिसी अधिकार कायद्याच्या चौकटीत आणले. पुढे १८६७ मध्ये जिल्हा पोलिस व गाव पोलिस यांसाठी अनुक्रमे सातवा व आठवा असे दोन कायदे झाले. पाटील आणि जागल्या नावाने राहिले. परंतु गुन्ह्याचा तपास ही गावाची जबाबदारी न राहता वरिष्ठांच्या हुकुमाने चालणारे सरकारी काम झाले. शिवेवर उभे राहून ठशावर एकमत करणारे दोन जागल्ये आता एकाच फौजदाराचे ताबेदार होते. पंजाबात मात्र इंग्रजांनी जुनी रीत निराळ्या प्रकारे टिकविली. तेथील १८७२ च्या पंजाब कायदे अधिनियमात मागाविषयी स्वतंत्र कलमे घालण्यात आली. पाऊल गावालगत आल्यास मुखियाने व चौकीदाराने ते पुढे नेण्यास साहाय्य करावे, न केल्यास गावास दंड व्हावा, अशी त्यांत तरतूद होती. जी रीत दख्खनमध्ये विरत चालली होती, ती पंजाबच्या मोकळ्या मैदानात कायद्याने बांधून घेतली गेली.

वासुदेव बळवंत फडके यांच्या १८७९ मधील उठावाने या स्थित्यंतराची दुसरी बाजू पुढे आणली. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात नोकरी केलेल्या या तरुणाने आपल्या तुकडीत प्रामुख्याने रामोशीच घेतले होते. रात्रीची चाल, डोंगरवाटांची माहिती आणि माग न ठेवता नाहीसे होण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. फडके निजामच्या मुलखाकडे निसटले, तेव्हा मेजर डॅनियल आणि हैदराबादच्या पोलिसांतील अब्दुल हक यांना मिळून त्यांचा पाठलाग करावा लागला, आणि जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावदगी येथे ते पकडले गेले. दोन राज्यांच्या सरहद्दीवर पाठलाग एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची गरज येथेही पडली. शिवेवर उभ्या राहणाऱ्या दोन जागल्यांच्या जागी आता दोन सरकारांचे अधिकारी होते, एवढाच फरक.

यानंतरचा टप्पा सर्वांत दुःखद होय. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. रात्री चावडीवर हजेरी देणे, गाव सोडताना परवानगी घेणे, अशा बंधनांत अनेक जमाती जखडल्या गेल्या, आणि हजेरीचा जाच रामोश्यांच्याही वाट्यास आला. गावात कोण आले व कोण गेले हे पाहण्याचे काम ज्याचे होते, त्याच्या स्वतःच्या येण्याजाण्यावर आता नजर राहू लागली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत रामोशी जमातीचा समावेश आहे, तो या इतिहासाचीच साक्ष होय. जुन्या व्यवस्थेत पाऊल एखाद्या गावाकडे नेई. नव्या व्यवस्थेत पाऊल दिसण्यापूर्वीच संशय एका जमातीकडे जाऊ लागला.

६

मागाची साखळी दख्खनमध्ये अशी तुटली असता गुजरातच्या उत्तर व पश्चिम भागांत ती पुष्कळ काळ टिकून राहिली. या प्रदेशाचा विचार येथे करणे अप्रस्तुत नाही. बनासकांठा जिल्हा १९६० पर्यंत मुंबई राज्याचाच भाग होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या काळात कच्छही त्या राज्यात होते. म्हणजे ज्या राज्याच्या पोलिसांत पुरंदरचा पाटील मोडत होता, त्याच राज्याच्या हद्दीवर रणातील पगी काम करीत होता. ‘पग’ म्हणजे पाऊल, त्यावरून पगी. राजस्थान व पंजाबकडे यास खोजी म्हणतात, आणि तेथेही ‘खोज’ या शब्दाचा मूळ अर्थ पाउलखूण असाच आहे.

कच्छचे रण हे रूढ अर्थाने वाळूचे वाळवंट नव्हे. पावसाळ्यात त्यात पाणी पसरते, ते ओसरल्यावर चिखल राहतो आणि हिवाळ्यात त्यावर मिठाची कवची धरते. या कवचीवर पाय पडला की ती फुटते, खालचा काळसर चिखल वर येतो आणि ठसा दुरून दिसतो. दख्खनच्या कातळाने जे ज्ञान नाकारले, ते रण उदारपणे देते. थरच्या वाळूत मात्र वाऱ्याच्या एका झोताने रात्रीचा माग सकाळपर्यंत पुसट होतो. तेथे ठशाच्या कडा किती ढासळल्या आहेत यावरून काळ मोजावा लागतो. उंटाच्या पावलावरून तो भारवाही आहे की मोकळा, आणि लेंड्यांच्या ओलाव्यावरून तो केव्हा गेला, हे पगी सांगू शकतो. ढोरचोरीच्या तपासात पिढ्यान्‌पिढ्या घटवलेली ही विद्या १९४७ च्या फाळणीनंतर एकाएकी राष्ट्रीय सीमेच्या कामी आली.

ढोरचोराचा माग आणि सशस्त्र घुसखोराचा माग यांत पाहण्याची विद्या एकच आहे. परंतु व्यवस्थेच्या दृष्टीने त्यांत मूलभूत अंतर आहे. गावच्या शिवेपलीकडे दुसरा जागल्या उभा असे. राष्ट्राच्या सीमेपलीकडे माग हाती घेणारा कोणी नसतो. पगीने पाऊल सीमेपर्यंत नेले तर तेथे त्याचा शोध संपतो. पाऊल सीमेवरून आत आलेले असेल तर मात्र तो उलटा चालू होतो. किती माणसे आली, शस्त्रांचे ओझे किती होते, ती कोणीकडे वळली, हे सांगणे हे आता त्याचे काम. गावाच्या व्यवस्थेत माग जबाबदारी ठरविण्यासाठी होता. सीमेवर तो वार्ता मिळविण्यासाठी आहे. पहिल्यात दोन पक्षांची संमती अवश्य होती. दुसऱ्यात एका माणसाच्या शब्दावर एक तुकडी रात्री वाटचाल करते. चूक झाल्यास तिची किंमत रुपयांत भरावी लागत नाही, जवानांच्या प्राणांनी भरावी लागते.

९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला, तेव्हा तेथे केंद्रीय राखीव पोलिसांच्या तुकड्या होत्या. सीमेची राखण राज्यांच्या पोलिसांवर सोडून भागणार नाही, हे त्या वर्षीच्या अनुभवाने ठरले, आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख खुसरो फरामर्झ रुस्तुमजी हे नागपूरजवळच्या कामठीचे. रणाच्या सीमेविषयीचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे गेला आणि फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्याने वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला मिळाला. शिवेचा वाद आणि शिवेवरचा माग यांची जोडी गावाप्रमाणे येथेही सुटली नाही. निवाड्याने नकाशावरची रेषा ठरली. ती ओलांडणाऱ्या पावलांवर नजर ठेवण्याचे काम मात्र राहिलेच. पुढे सीमेवर कुंपण आले, दिवे आले, यंत्रे आली. तथापि कुंपणालगतची वाळूची पट्टी सपाट करून ठेवावयाची आणि पहाटे तीवर पाऊल उमटले आहे काय हे पाहावयाचे, हा परिपाठ राहिला. जुन्या काळी निसर्गाने आणि वहिवाटीने केलेली सोय येथे माणसाने हेतुपूर्वक निर्माण केली, इतकेच.

७

न्यायालयांनी पाउलखुणांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हेही या संदर्भात उद्बोधक आहे. प्रीतमसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पाउलखुणांवरून ओळख पटविण्याचे शास्त्र अद्याप प्राथमिक अवस्थेत असल्याचे म्हटले. इतर परिस्थितीच्या जोडीने मागाचा पुरावा विचारात घेता येईल, पण केवळ त्यावर दोषसिद्धी आधारता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. खटला पंजाबातील होता, जेथे मागाचे कलम शंभर वर्षांच्या आतच लिहिले गेले होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मागाने गावास दंड करणे कायद्याला मान्य होते. मागाने माणसास फाशी देणे न्यायालयाला मान्य नव्हते.

या दोन भूमिकांत विसंगती नाही. प्राचीन स्मृतिकार, शिवेवरचे जागल्ये आणि आधुनिक न्यायाधीश यांचे एका मुद्द्यावर एकमत आहे : पाऊल दिशा सांगते, अपराध सांगत नाही. ज्या ज्या वेळी पावलाकडून याहून अधिक अपेक्षा करण्यात आली, किंवा पाऊल न पाहताच दिशा ठरविण्यात आली, त्या त्या वेळी अन्याय घडला. गुन्हेगार जमातींचा कायदा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

महाराष्ट्रात गावपाटलांचे महसुली पद १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले, कनिष्ठ ग्रामवतनांचा शेवट त्याआधीच १९५८ च्या कायद्याने झाला होता, आणि १८६७ च्या गाव पोलिस कायद्याची जागा बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलिस अधिनियमाने घेतली. पोलिस पाटील राहिला; जागल्या गेला. वतनाच्या बेडीतून त्या घराण्यांची सुटका झाली हे योग्यच झाले, आणि त्या व्यवस्थेचे पुनरुज्जीवन कोणी इच्छिणार नाही. परंतु मराठी राज्याच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. पुण्याच्या दप्तरांतून चोरीची भरपाई, पाटलाची कैफियत, गावावरील दंड यांचे कागद जेव्हा समोर येतात, तेव्हा त्यांतील प्रत्येक आकड्यामागे पहाटेच्या तिरप्या उन्हात मातीवर वाकलेला एक मनुष्य असतो. ग. चि. वाड यांनी निवडलेल्या रोजनिशा, सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथ आणि वि. त्रिं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ यांनी त्या कागदांचा अर्थ लावण्याचा पाया घातला आहे. त्या पायावर पुढील काम करताना राजमुद्रेइतकेच शिवेकडे आणि शिवेइतकेच तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे लक्ष दिले गेले पाहिजे.

रणातील पगीला देशाने गौरविले, ते उचितच झाले. त्याच विद्येचा धनी असलेला पुरंदरचा रामोशी मात्र हजेरीच्या वहीत नोंदला गेला. दोघांच्या डोळ्यांत फरक नव्हता. फरक होता तो त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत.